नाना शंकरशेट आणि विद्यार्थ्यांनीं काढलेल्या शाळा

विद्यार्थ्यांनीं अभ्यास सोडून गांवाच्या उठाठेवी करूं नयेत, असें पुष्कळ पालक म्हणतात. त्यांची काळजी आम्हांस समजते. तथापि आमच्याच ठाणें जिल्ह्यांतील एका थोर पुरुषाचें चरित्र ह्या बाबतींत विचार करण्याजोगें आहे.

जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना ह्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजीं कल्याणजवळील मुरबाड येथें झाला. १८२२ सालीं वडील वारले आणि ऐन तारुण्यांत मोठ्या व्यापाराचा भार नानांवर पडला. तो त्यांनीं सांभाळलाच. शिवाय मुंबई इलाख्यांत शिक्षणाचा पाया घालण्याच्या कामींही ते पुढें झाले. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली व १८५४ सालीं ती कल्याणास पोंचली. त्या खटपटींतही नाना अग्रेसर होते. हें बहुतेकांस ठाऊक आहे. त्यांची दुसरी एक कामगिरी मात्र तितकी गाजली नाहीं.

१८४८ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांतील तरुणांनीं आपली एक सभा स्थापिली. पुढें राष्ट्राचे पितामह ठरलेले दादाभाई नौरोजी हे तिच्या चालकांपैकीं होते. सभेंत निबंध वाचले जात, वाद होत. स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला, तेव्हां नुसत्या भाषणांनीं काय साधणार, असें त्या तरुणांस वाटलें. ते घरोघर जाऊन मुलींस शिकवूं द्या म्हणून विनवूं लागले. कोणी हंसले, कोणी दारांतून हांकलून देण्याची धमकी दिली. तरीही १८४९ सालीं त्यांनीं मुलींच्या शाळा उघडल्या आणि सकाळच्या वेळीं स्वतःच विनावेतन शिकवूं लागले.

उत्साह होता, पण जागा नव्हती. तेव्हां नाना पुढें आले. ते स्वतः देवधर्म पाळणारे, जातींत व पेठेंत ज्यांच्या शब्दास वजन असे गृहस्थ. लोकापवादानें त्यांचेंच अधिक नुकसान होण्याचा संभव होता. तरीही त्यांनीं आपल्या गिरगांवांतील वाड्यांत मुलींच्या शाळेस जागा दिली. सारी मुंबई ज्या घराकडे आदरानें पाही, त्याच घरीं मुली अक्षरें गिरवूं लागल्या.

३१ जुलै १८६५ रोजीं नाना निवर्तले. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास पुढें त्यांच्या नांवाची शिष्यवृत्ती मिळूं लागली. परंतु गिरगांवांतील ती शाळा हेंही आम्ही त्यांचें मोठेंच स्मारक मानतों.

ठाण्याचे तलाव, कल्याणची खाडी, डोंबिवलीचे रस्ते ह्यांविषयीं आमच्या मुलांस कांहीं करावेंसें वाटलें, तर त्यांनीं त्या तरुणांप्रमाणें बोलण्याआधीं हात लावावा. आणि पालकांनीं? त्यांनीं नानांप्रमाणें थोडी जागा द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.