विश्लेषण : हृदयाच्या ‘सीटी’मागचा शेतकऱ्याचा मुलगा कोण?

सातारा जिल्ह्यातील खंडाळ्याहून छातीच्या तक्रारीसाठी पुण्याला किंवा साताऱ्याला गेलेल्या रुग्णाला डॉक्टर कधी कधी ‘सीटी कोरोनरी अँजिओग्राफी’ करायला सांगतात. धमनीत नळी न घालता हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवणारी ही तपासणी सीटी स्कॅनरवर होते. तो घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते.

कोण होते हाउन्सफील्ड?
इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरमध्ये १९१९ साली त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडिलांच्या शेतावरील यंत्रे खोलून पाहण्यात आणि घरी बनवलेल्या ग्लायडरसह गवताच्या गंजीवरून उडी मारण्यात त्यांचे बालपण गेले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात ते रडार शिकले. विद्यापीठाची पदवी नसताना ‘ईएमआय’ कंपनीत संगणक अभियंता झाले.

कल्पना काय होती?
बंद पेटीभोवती सर्व बाजूंनी क्ष-किरण सोडले आणि ते किती आरपार जातात हे मोजले, तर आत काय आहे ते गणिताने कळेल, हे १९६७ मध्ये त्यांना सुचले. प्रयोगशाळेतील पहिल्या स्कॅनला नऊ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. हेच गणित स्वतंत्रपणे मांडणारे ॲलन कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले.

हृदयाला उशीर का?
मेंदू स्थिर असतो, हृदय सतत धडधडते. संथ यंत्रावर त्याचे चित्र पुसट येई. हाउन्सफील्ड २००४ मध्ये वारले, त्याच सुमारास ६४-स्लाइस यंत्रे आली आणि काही सेकंदांत हृदय टिपता येऊ लागले. आजही नाडी जलद असेल तर ती मंदावण्याचे औषध देतात.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?
घनता मोजण्याच्या ‘एचयू’ या एककात त्यांचेच नाव आहे. पाणी ०, हवा उणे १०००. साधारण १३० किंवा त्याहून अधिक घनतेचे ठिपके कॅल्शियम धरून ‘कॅल्शियम स्कोअर’ काढतात. स्कोअर शून्य आला तर धोका कमी असतो, पण संपत नाही. मऊ चरबीचा थर त्यात दिसत नाही. तो पाहण्यासाठी शिरेतून औषध देऊन अँजिओग्राफी करतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. मात्र छातीत अचानक कळ आली, घाम फुटला, तर स्कॅनची वाट पाहू नये. आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढावा.