तंजावरचे परदेशी सुहृद : रेव्हरंड श्वार्ट्झ

तंजावरचे नाव घेताच आम्हा मराठी मंडळींना व्यंकोजीराजे, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील प्रदीर्घ मराठी शिलालेख यांचे स्मरण होते. त्याच नगरीच्या इतिहासात एका जर्मन ख्रिस्ती धर्मोपदेशकालाही आदराचे स्थान आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. परभाषिकांच्या शेजारात अर्धशतक घालविलेल्या आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राची ओळख करून द्यावी, हे आम्हांस उचित वाटते.

ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील सॉननबुर्ग येथे झाला. हाले येथील शिक्षणकाळातच त्यांना तमिळची तोंडओळख झाली. १७५० साली ते डॅनिशांच्या ताब्यातील तरंगमबाडीस आले. पुढे तिरुचिरापल्ली व १७७८ पासून तंजावर ही त्यांची कर्मभूमी झाली. तमिळखेरीज फार्सी व हिंदुस्थानी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या आणि दरबारी मंडळींशी त्यांच्याच भाषेत बोलता यावे म्हणून मराठीही शिकून घेतली. ते आजन्म अविवाहित राहिले. त्यांची राहणी अत्यंत साधी होती.

त्यांच्या सचोटीचा लौकिक मोठा होता. १७७९ साली मद्रास सरकारने हैदरअलीकडे बोलणी करण्यास त्यांनाच धाडले. पुढे युद्ध पेटले, तेव्हाही या पाद्र्यास अडवू नये, अशी हैदरची आपल्या लोकांस ताकीद होती. त्या युद्धात तंजावरच्या किल्ल्यात अन्नाचा दुष्काळ पडला. पूर्वी मोबदला बुडाल्याने शेतकरी धान्य व बैल देण्यास तयार होईनात. श्वार्ट्झ यांनी पैशाची हमी स्वतः घेतली, तेव्हा धान्य आले. त्यांनी आगाऊ साठविलेल्या तांदळातून भुकेल्यांच्या मुखी घास पडला; त्यात जातिधर्माचा भेद त्यांनी केला नाही.

१७८७ साली निपुत्रिक झालेल्या तुळजाराजांनी अंतकाळी दहा वर्षांच्या सरफोजींस दत्तक घेतले आणि त्यांना श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविण्याची इच्छा प्रकट केली. एवढा भार एकट्याने पेलणे अशक्य जाणून श्वार्ट्झ यांनी राजांचे बंधू अमरसिंह यांचे नाव सुचविले. परंतु गादी मिळताच अमरसिंहांकडून बालराजांची हेळसांड होऊ लागली. शिक्षणही थांबले. तेव्हा श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे वारंवार दाद मागितली. १७९३ साली सरफोजींस मद्रासेस हलविण्यात आले व तेथे गेरिके या पाद्र्यांच्या देखरेखीखाली त्यांचे अध्ययन चालू राहिले. दत्तविधानाचा प्रश्न पुन्हा विचारात घेतला गेला, त्यामागेही श्वार्ट्झ यांचीच खटपट होती.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ तंजावरी निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला, ही गोष्टही येथे विसरता येत नाही. कंपनीच्या मध्यस्थीचे मोल तंजावरला द्यावे लागलेच. तथापि गुरुशिष्यांच्या स्नेहास त्याने उणेपणा येत नाही.

श्वार्ट्झ हे धर्मप्रसारासाठीच आलेले होते आणि आपला शिष्य ख्रिस्ती व्हावा, असे त्यांना मनोमन वाटत असणारच. सरफोजीराजे मात्र अखेरपर्यंत आपल्या कुलधर्मास धरून राहिले. त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतींवर भोसले वंशाचा इतिहास कोरविला, काशीयात्रा केली. म्हणून गुरूंची माया आटली नाही, की शिष्याची कृतज्ञता उणावली नाही. श्वार्ट्झ यांचेच शिष्य, तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री यांना राजांनी आश्रय दिला. शिवगंगा तलावाजवळ श्वार्ट्झ यांनी बांधविलेल्या चर्चमध्ये राजांनी इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन यांजकडून संगमरवरी स्मारक करवून बसविले. मृत्युशय्येवरील गुरू आणि शेजारी शिष्य असे ते दृश्य आहे. गुरूंच्या थडग्यावरील इंग्रजी पद्यपंक्ती राजांनी स्वतः रचिल्या.

शेजारधर्म म्हणजे आपली श्रद्धा गुंडाळून ठेवणे नव्हे, हे या दोघांच्या चरित्रावरून दिसते. एकाने आपला धर्म लपविला नाही, दुसऱ्याने आपला सोडला नाही. आणि तरीही संकटकाळी एक दुसऱ्याच्या पाठीशी उभा राहिला. तंजावरास जाणाऱ्या आमच्या सभासदांनी मोठ्या देवळाचे दर्शन झाल्यावर जवळच्याच त्या लहानशा चर्चमध्येही अवश्य डोकावावे, एवढीच आमची विनंती आहे.