घरी घडवलेला कॅमेरा : बाबूराव पेंटर



खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या पाहत आपण मोठे झालो. आपल्यातले कितीतरी जण पुढे फिटर, टर्नर, वेल्डर झाले. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा मला असाच एक हाताने काम करणारा माणूस आठवला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात, कारागिराच्या घरी झाला. नात्याने भाऊ असलेले आनंदराव आणि ते मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्यावरून दोघांना पेंटर हे नाव पडले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना चित्रपटाचे वेड लागले. परदेशी कॅमेरा आवाक्याबाहेरचा होता. मग तो स्वतःच करायचे ठरले.

त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्याची रचना अभ्यासली. त्यात फिल्मची एकेक चौकट भिंगामागे क्षणभर थांबते आणि पुढे सरकते. कॅमेऱ्यातही तसेच घडते; फक्त प्रकाश बाहेर जाण्याऐवजी आत येतो. काम सुरू झाले, पण १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी ध्यास सोडला नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा झाला.

तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारने तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक दिले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी दाखवला. ती गोष्ट आपल्या विदर्भाला वेगळी सांगायला नको. त्यात तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी बाहेर पडून प्रभात कंपनी काढली. पुढे बाबूरावांची कंपनी बंद पडली, तरी कुंचला हातातून सुटला नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.

मेळाव्यात आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. बाबूरावांचा कॅमेरा पहिल्यांदा चालला, तेव्हा आनंदराव शेजारी नव्हते. ग्रुप फोटो काढताना आपणही, आज सोबत नसलेल्या वर्गमित्रांसाठी, रांगेत थोडी जागा मोकळी ठेवूया.