विल्यम केरी व श्रीरामपूरची आग

संकटें कोणासहि चुकलीं नाहींत. परंतु एकाच तऱ्हेच्या संकटानें एक मनुष्य मोडून पडतो, तर दुसरा अश्रू पुसून पुन्हां कामास लागतो. हा फरक कशामुळें पडतो, हें समजून घ्यावयाचें असेल तर विल्यम केरी ह्यांचें चरित्र वाचावें. मराठी भाषेवर त्यांचे उपकार आहेत, म्हणून आपणांस तें विशेष जवळचें वाटेल.

केरीसाहेबांचा जन्म इंग्लंडांतील पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत १७ ऑगस्ट १७६१ रोजीं झाला. वडील विणकर होते. पुढें ते गांवच्या शाळेचे पंतोजी झाले. विल्यम चौदाव्या वर्षीं जोडे शिवण्याचें काम शिकूं लागला, आणि तें करीत असतांनाच त्यानें लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषांचा अभ्यास आरंभिला.

१७९३ च्या नोव्हेंबरांत ते पत्नी व मुलांसह कलकत्त्यास उतरले. आरंभींचीं वर्षें फार कष्टाचीं गेलीं. हातीं पैसा नाहीं, भाषा परकी, हवा मानवेना. उत्तर बंगाल्यांत एका निळीच्या कारखान्यावर त्यांस काम मिळालें. पण तेथें १७९४ सालीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर अतिसारानें वारला. पत्नी डोरोथी इकडे येण्यास आधींच राजी नव्हती. ह्या आघातानंतर तिचें मन बिघडलें, तें १८०७ सालीं तिचा अंत होईपर्यंत सुधारलें नाहीं. शेजारच्या खोलींत तिचा आक्रोश चाले आणि इकडे केरीसाहेब भाषांतराचे कागद पुढें घेऊन बसत. त्यांच्या प्रार्थनांनीं हें दुःख टळलें नाहीं. तें सोसण्याचें बळ मात्र त्यांस रोजच्या रोज मिळत गेलें. डोरोथीबाईनें काय सोसलें, ह्याचाहि विसर आपण पडूं देऊं नये.

१८०० सालीं ते कलकत्त्याजवळ, हुगळीच्या कांठीं असलेल्या श्रीरामपूर ह्या डेन लोकांच्या गांवीं आले. मार्शमन व वॉर्ड ह्या सोबत्यांसह त्यांनीं तेथें छापखाना चालविला. पुढील वर्षीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत त्यांची नेमणूक झाली. तेथें ते बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठी शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. १८११ सालीं मराठी नवा करारहि निघाला.

असें काम भरास आलें असतां ११ मार्च १८१२ रोजीं सायंकाळीं छापखान्यास आग लागली. दारें-खिडक्या बंद करून वॉर्डसाहेबांनीं ती कोंडण्याची शिकस्त केली. पण कोणीसें एक खिडकी उघडली आणि ज्वाळा भडकल्या. मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळलें. मनुष्यहानि झाली नाहीं, हीच देवाची दया! परंतु कागदाचे ढीग, अनेक भाषांचे खिळे आणि वर्षानुवर्षें खपून तयार केलेलीं हस्तलिखितें जळून गेलीं. त्यांत पौर्वात्य भाषांचा एक मोठा तुलनात्मक कोशहि होता.

केरीसाहेब त्या रात्रीं कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं मार्शमन ही वार्ता घेऊन गेले, तेव्हां ते क्षणभर सुन्न झाले. परत येऊन धुमसत्या राखेंतून फिरतांना त्यांचे डोळे भरून आले. पण त्यांनीं कोणास दोष दिला नाहीं व देवाशींहि वाद मांडला नाहीं. लगतच्या रविवारीं त्यांनीं ४६ व्या स्तोत्राच्या आधारें प्रवचन केलें. आपलें सर्वस्व देवाचें आहे, आणि त्याच्या इच्छेपुढें शांत राहणें हा आपला धर्म आहे, असा त्याचा आशय होता.

हें शांत राहणें म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें नव्हे. राखेंतून वितळलेलें शिसें काढण्यांत आलें. खिळे ओतण्याचे ठसे व साचे सुदैवानें वांचले होते, छापण्याचीं यंत्रेंहि शाबूत होतीं. शेजारच्या मोठ्या इमारतींत लागलीच कामास प्रारंभ झाला. कांहीं महिन्यांतच बऱ्याच भाषांचे खिळे पुन्हां तयार झाले. आगीची वार्ता इंग्लंडांत पोहोंचतांच लोकांनीं थोड्याच काळांत सुमारें १०,००० पौंड जमविले. जो मार्ग एकदां चालून झाला आहे, त्यावर दुसऱ्यांदा पाऊल अधिक नेमकें पडतें, अशा विश्वासानें केरीसाहेब जळालेलीं भाषांतरें पुन्हां लिहूं लागले. तो मोठा कोश मात्र कधींच पुरा झाला नाहीं. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपुरासच त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, गेलेलें सर्व परत मिळेल असें अभिवचन श्रद्धा देत नाहीं. केरीसाहेबांस पीटर परत मिळाला नाहीं, कोशहि मिळाला नाहीं. परंतु सर्व भार आपल्या एकट्याच्या खांद्यावर नाहीं, एवढी खात्री श्रद्धेनें मनुष्यास होते. आणि ती खात्री असली म्हणजे आजच्या दिवसाचें काम हातीं घेण्याचा धीर येतो. परीक्षेंत अपयश येईल, घरांत आजार येईल, पुष्कळ दिवसांचें श्रम एका घटकेंत वायां जातील. अशा वेळीं रडूं आलें तर त्यांत लाज नाहीं. मग देवाचें स्मरण करून, राखेंत काय शिल्लक राहिलें आहे तें पाहावें व तेथूनच आरंभ करावा.