जात कळली, गिऱ्हाइके पांगली

इतवारीच्या सराफ्यात पेढी चालते ती नावावर. नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर ठाऊक आहेत ते १९५६ च्या धम्मदीक्षेमुळे. पण त्यांनीही कधीकाळी एक पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून, शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली ते परतले. मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना गुंतवणुकीचा सल्ला देऊ लागले. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. सल्ला चुकला असता तर गोष्ट वेगळी! पेढी बंद पडली. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. तिथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांची कुरकुर. पगारातून पैसे साठवून १९२० साली त्यांनी पुन्हा लंडन गाठले आणि रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून डी.एस्सी. मिळवली. पुढे चलनविषयक हिल्टन यंग आयोगाने त्यांची साक्ष घेतली.