१६ वर्षांचा पोरगा, ज्याला दोनदा दफन करावं लागलं

लंडनजवळच्या लेटनमधला जॅक कॉर्नवेल वडिलांना न विचारताच १९१५ मध्ये ब्रिटिश नौदलात भरती झाला. वय १५.

३१ मे १९१६, जटलंडची लढाई. 'एचएमएस चेस्टर'वर जर्मन जहाजांनी तोफा डागल्या. सांगितलेल्या अंतरानुसार तोफेचा नेम लावायचा, हे जॅकचं काम. भोवतालचे साथीदार कोसळले, त्याच्याही छातीत पोलादाचे तुकडे घुसले. तरी पुढच्या हुकमाची वाट बघत गडी तिथंच उभा.

२ जूनला ग्रिम्सबीच्या दवाखान्यात तो गेला. घरात पैसा कुठला? सामाईक कबरीत पुरलं. पेपरांत बोंब झाली, तेव्हा २९ जुलैला नौदलाच्या इतमामात पुन्हा दफन झालं.

सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. नोव्हेंबरमध्ये राजाच्या हातून पदक घ्यायला आई गेली. वडील तीन आठवड्यांपूर्वीच वारले होते.