डीट्रिख बोनहोफर

डीट्रिख बोनहोफर (४ फेब्रुवारी १९०६ – ९ एप्रिल १९४५) हे जर्मन लुथरन पाळक, धर्मचिंतक आणि नाझी राजवटीचे विरोधक होते. १९३९ साली अमेरिकेत सुरक्षित राहण्याची संधी मिळाली असताना ते जर्मनीस परतले. प्रार्थना आणि शास्त्रवाचन यांच्या आधारे, परंतु कोणतीही स्पष्ट खूण न मिळता घेतलेला हा निर्णय त्यांच्या चरित्रातील महत्त्वाचे वळण मानला जातो.

बालपण व शिक्षण

बोनहोफर यांचा जन्म ब्रेस्लाउ (सध्याचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे झाला. आठ भावंडांपैकी ते सहावे होत. साबीने ही त्यांची जुळी बहीण. वडील कार्ल बोनहोफर हे मानसोपचारतज्ज्ञ होते आणि १९१२ पासून बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक होते. डीट्रिख यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास निवडला व १९२७ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९३०-३१ मध्ये ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत होते. त्या काळात हार्लेममधील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळीशी त्यांचा निकटचा संबंध आला.

नाझी राजवट व चर्च

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. दोनच दिवसांनी बोनहोफर यांनी आकाशवाणीवरून नेतृत्वाच्या कल्पनेवर भाषण केले. त्याचे प्रसारण मध्येच खंडित झाले. ज्यू वंशाच्या व्यक्तींना चर्चच्या सेवेतून दूर करण्याच्या धोरणास त्यांनी विरोध केला. चर्चवरील नाझी वर्चस्व नाकारणाऱ्या ‘कन्फेसिंग चर्च’चे ते एक प्रमुख कार्यकर्ते होते.

१९३३ ते १९३५ या काळात ते लंडनमध्ये जर्मन मंडळींचे पाळक होते. महात्मा गांधींच्या आश्रमात राहून अहिंसक प्रतिकार व सामूहिक जीवन यांचा अभ्यास करण्याची त्यांची इच्छा होती. १९३४ साली गांधीजींनी पत्राने त्यांचे स्वागतही केले. तथापि कन्फेसिंग चर्चने पाळकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सोपवल्यामुळे ते मायदेशी परतले आणि भारतभेट राहून गेली. श्टेटीनजवळील फिंकेनवाल्ड येथील त्यांच्या प्रशिक्षणालयात शास्त्रातील एकाच उताऱ्यावर आठवडाभर रोज अर्धा तास मौन चिंतन करण्याचा परिपाठ होता. १९३७ साली गेस्टापोने ही संस्था बंद केली.

१९३९ चा निर्णय

१९३९ मध्ये बोनहोफर यांच्या वयोगटास सक्तीच्या लष्करी सेवेसाठी बोलावले जाण्याची चिन्हे दिसू लागली. सैनिकास हिटलरशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी लागे. ती त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीला मान्य नव्हती आणि नकार दिल्यास त्यांच्यासह कन्फेसिंग चर्चही संकटात येणार होते. राइनहोल्ड नीबूर, पॉल लेमन आदी मित्रांनी त्यांच्यासाठी अमेरिकेत कामाची व्यवस्था केली. १२ जून रोजी ते न्यूयॉर्कला पोहोचले.

तेथे पोहोचताच त्यांची अस्वस्थता वाढली. मायदेशातील सहकाऱ्यांना संकटात सोडून आल्याची भावना त्यांना ग्रासू लागली. मोरेव्हियन मंडळीतर्फे दर वर्षी प्रसिद्ध होणाऱ्या दैनिक वचनांच्या पुस्तिकेचे ते नित्य वाचन करीत. या पुस्तिकेतील जुन्या करारातील वचने चिठ्ठ्या टाकून निवडली जातात. त्या दिवसांतील त्यांच्या दैनंदिनीत वचने, प्रार्थना आणि मनातील द्वंद्व यांच्या नोंदी एकत्र आढळतात.

२० जून रोजी त्यांनी अमेरिकेतील काम नाकारले. मात्र आपल्या निर्णयामागील खरी कारणे आपल्यालाच पूर्ण उमगलेली नाहीत, ती ईश्वरच जाणतो, अशा आशयाची नोंद त्यांनी केली. त्यानंतर सहा दिवसांनी, हिवाळ्यापूर्वी येण्याविषयी पौलाने तीमथ्याला केलेली विनंती त्यांच्या वाचनात आली आणि ती दिवसभर त्यांच्या मनात घोळत राहिली. या वचनाने निर्णय घडवला नाही, कारण तो आधीच झाला होता. मात्र त्यास बळ दिले. जर्मन ख्रिस्ती बांधवांच्या कसोटीच्या काळात सहभागी न झाल्यास युद्धोत्तर पुनर्रचनेत भाग घेण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही, असे त्यांनी नीबूर यांना कळवले. जुलैच्या अखेरीस ते बर्लिनला पोहोचले. १ सप्टेंबर रोजी दुसरे महायुद्ध सुरू झाले.

कट, कारावास व मृत्यू

मेहुणे हान्स फॉन डोनान्यी यांच्यामार्फत बोनहोफर १९४० साली लष्करी गुप्तवार्ता विभागात दाखल झाले. या विभागातील काही अधिकारी हिटलरविरोधी कटात सामील होते. १९४२ साली स्वीडनमध्ये त्यांनी चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांना कटाची माहिती दिली. जानेवारी १९४३ मध्ये मारिया फॉन वेडेमायर यांच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला. ५ एप्रिल रोजी त्यांना अटक होऊन टेगेल येथील तुरुंगात ठेवण्यात आले.

ऑक्टोबर १९४४ मध्ये एका पहारेकऱ्याच्या साहाय्याने निसटण्याची योजना तयार होती. परंतु भाऊ क्लाउस यांना अटक झाल्याने, कुटुंबीयांवर अधिक संकट येऊ नये म्हणून त्यांनी ती सोडून दिली. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनब्युर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. दोन आठवड्यांनी अमेरिकी सैन्य तेथे पोहोचले. क्लाउस, डोनान्यी व दुसरे एक मेहुणे र्‍यूडिगर श्लायखर हेही त्याच महिन्यात मारले गेले.

विचार व वारसा

‘नाखफोल्गे’ (१९३७) या ग्रंथात बोनहोफर यांनी डोंगरावरील प्रवचनाच्या आधारे शिष्यत्वाचे विवेचन केले. मित्र एबरहार्ड बेथगे यांनी १९४९ साली संपादित केलेल्या ‘एथिक’ या अपूर्ण ग्रंथात ईश्वरी इच्छा ओळखण्याच्या प्रश्नाची चर्चा आहे. ही इच्छा तयार नियमांतून किंवा केवळ अंतःस्फूर्तीने कळत नाही; प्रार्थनेबरोबर बुद्धी, निरीक्षण आणि अनुभव यांचाही उपयोग करावा लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या मते प्रार्थनेमुळे माणूस निर्णयाच्या जबाबदारीतून सुटत नाही. जबाबदारीने कृती केल्यावर तिचा अंतिम न्याय मात्र त्याने ईश्वरावर सोपवावा. तुरुंगातील त्यांची पत्रे १९५१ साली प्रसिद्ध झाली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दर्शनी भागावर १९९८ साली बसवलेल्या विसाव्या शतकातील दहा हुतात्म्यांच्या पुतळ्यांत बोनहोफर यांचा समावेश आहे.